मक्याच्या टॉर्टियासाठी ग्वार गम की सीएमसी?

मक्यात ग्लुटेन (गव्हाची कणीक धरून ठेवणारं प्रथिन) नाही, त्यामुळे कालची टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पातळ भाकरी, आज घडी घालताच तडकते. उपाय विचारला की बहुतेक वेळा ही दोनच नावं पुढे येतात: ग्वार गम, म्हणजे गवारीच्या बियांपासूनची पूड, आणि सीएमसी, म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेला गम (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज). मी दोन्ही वापरली आहेत, तीही चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या म्हणजे निक्स्टमलच्या पिठात. साध्या मक्याच्या पिठाचा गोळाच धड बांधला जात नाही. ते गम घालून सावरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

ग्वार गम थंड पाण्यातही चटकन फुगतो, पीठ हाताला छान मऊ लागतं. तव्यावरून उतरलेली गरम टॉर्टिया खाऊन कुठली कशाची ते ओळखा म्हटलं, तर मला जमणार नाही.

माझं बिनसलं ते चवड लावताना. गरम टॉर्टिया एकावर एक रचून फडक्यात गुंडाळल्या की ग्वारवाल्या एकमेकींना धरून बसतात. वरची उचलायला जावं, तर खालचीचा फुगलेला पातळ पापुद्रा सोलून तिच्याबरोबर येतो आणि आतला ओलसर थर उघडा पडतो. गम कमी केला तर चिकटणं कमी होतं, पण दुसऱ्या दिवशीचा मऊपणाही जातो. आधी पसरून गार कराव्यात, तर कडा वाळतात. शेवटी मी कंटाळलो.

सीएमसीची खोड वेगळी: थेट पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. कोरड्या पिठातच आधी मिसळायचं, किलोला ५ ग्रॅम, आणि पाणी थोडं वाढवायचं. दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम केली की गुंडाळताना सहसा चिरत नाही. नावच कारखान्यातलं वाटतं म्हणून कुणाला नको असेल, तर तेही समजू शकतो.

बुरशीपुढे मात्र दोन्ही सारखेच हतबल. सॉर्बेट किंवा प्रोपिओनेट ही बुरशी रोखणारी रसायनं आम्लातच नीट काम करतात आणि इथे तर चुना आहे. म्हणून फ्युमरिक आम्लही घालावं लागतं, मग चुन्याचा वास आणि पिवळसर छटा दोन्ही फिकी पडतात. त्यापेक्षा फ्रीझर बरा. फ्रिज नको, ४ अंशांच्या आसपास स्टार्च उलट लवकर कडक होतो. फ्रीझरमध्येही ग्वारवाल्यांच्या मध्ये बटर पेपर घालत बसावं लागतं. सीएमसीवाल्या मी नुसत्याच रचतो.