दानिएल बुलू यांचे न्यूयॉर्क : थाटापेक्षा कॅफे सरस

फ्रान्समधील ल्यों शहराजवळच्या एका शेतकरी कुटुंबात १९५५ साली जन्मलेले दानिएल बुलू अमेरिकेत आले, ते वॉशिंग्टनमध्ये युरोपियन कमिशनचे शेफ म्हणून. १९८६ पासून सहा वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘ल सर्क’ या रेस्टॉरंटचा भटारखाना सांभाळला आणि त्यांची ओळख ठरलेला पदार्थ तिथेच नावारूपाला आला : बटाट्याच्या लांब, पातळ कापांत गुंडाळून कुरकुरीत परतलेला सी बास मासा, खाली मऊ शिजवलेले लीक (कांद्याच्या कुळातली एक पालेभाजी) आणि भोवती लाल वाइनचा दाट सॉस. माशासोबत पांढरीच वाइन हवी, असा आग्रह धरणाऱ्यांना हे परस्पर दिलेले उत्तरच म्हणायचे.

१९९३ मध्ये त्यांनी ‘दानिएल’ हे स्वतःचे रेस्टॉरंट सुरू केले. १९९८ मध्ये ते ६५व्या रस्त्यावर, पूर्वी ‘ल सर्क’ होते त्याच जागेत गेले आणि रिकाम्या झालेल्या जागी ‘कॅफे बुलू’ आले. त्याचे नाव बुलू कुटुंबाच्या गावाकडच्या कॅफेवरून घेतलेले आहे. परंपरा, हंगाम, भाजीचा मळा आणि प्रवास असे चार भाग पाडलेला इथला मेनू ही माझ्या मते बुलू यांची सर्वांत शहाणी कल्पना आहे, कारण त्यात फ्रेंच शिस्त सुटत नाही आणि गिऱ्हाइकावर तिचे दडपणही येत नाही.

‘दानिएल’बद्दल मात्र हे म्हणता येत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००१ मध्ये त्याला दिलेले चार तारे २०१३ मध्ये तीनवर आले. समीक्षक पीट वेल्स यांना पदार्थांपेक्षा वागणूक खटकली : ओळखीच्या समीक्षकाची जेवढी सरबराई झाली, तेवढी त्यांच्या अनोळखी सहकाऱ्याच्या वाट्याला आली नाही. एवढी किंमत मोजून जेवायला येणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष किरकोळ नाही.

त्यांच्या २००१ च्या ‘डीबी बिस्त्रो मॉदर्न’ या रेस्टॉरंटमधला बर्गर गाजला. आत मंद आचेवर शिजवलेल्या बरगडीचे मांस, फ्वा ग्रा (पुष्ट केलेल्या बदकाचे वा हंसाचे यकृत) आणि काळे ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी). कल्पक खरा, पण अंमळ दिखाऊ. बावरी या रस्त्यावरचे त्यांचे ‘डीबीजीबी’ रेस्टॉरंट २०१७ मध्ये बंद पडले, तर २०२१ मध्ये वन व्हँडरबिल्ट इमारतीत ‘ल पाव्हियाँ’ उघडले.

न्यूयॉर्कला जाणाऱ्याने एकच जागा निवडायची असेल, तर २०२३ पासून पार्क ॲव्हेन्यू आणि ६३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आलेले ‘कॅफे बुलू’ निवडावे. शाकाहारी मंडळींनी मळ्याच्या भागातून मागवावे, मात्र सॉस कशाच्या रश्शात शिजवला आहे, हे आधी विचारून घ्यावे.