घरावरचं सोलर, वर्षभर वापरून झाल्यावर

२०२४ च्या दिवाळीत सोलापूरच्या घरावर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड (म्हणजे बॅटरी नसलेलं, थेट वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं) सोलर बसवलं, ५४० वॅटचे ६ पॅनल. वर्ष झालं म्हणून लिहितोय, कारण घ्यायच्या आधी मी जिथेतिथे "बिल झिरो आलं" एवढंच वाचलेलं.

चांगलं आधी सांगतो. सरकारच्या सूर्यघर योजनेचं ७८,००० चं अनुदान खात्यात आलं, बिलही खरंच उतरलं. पण बसवणारा म्हणालेला "रोज १२ युनिट, डोळे झाकून धरा", ते बहुतेक डोळे झाकूनच धरायचं होतं. फेब्रुवारीत ॲपवर १३-१४ दिसायचे, मी खुश, म्हटलं एप्रिल येऊ दे, आपल्याकडे उन्हाला काय तोटा! आणि एप्रिलमध्ये ४२ डिग्रीला आकडा वाढायचं सोडून १२ वर आला. फोन केला तर म्हणे धूळ असेल, धुवा. धुतलं, अर्धा युनिट वाढला. मग स्वतःच पॅनलची डेटाशीट काढून वाचली, २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला ०.३५ टक्के कमी, आणि हे तापमान हवेचं नाही, पॅनलचं. दुपारी ते ६५ ला गेलं की १४ टक्के तिथेच गेले. म्हणजे ऊन पाहिजे, पण गार ऊन! वर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा) लावलेला पश्चिमेच्या भिंतीला, तोही तापून आपोआप पॉवर कमी करायचा, हात लावला तर चटका. शेवटी पदरचे पैसे घालून जिन्याखाली हलवला.

मग मे. २०२५ चा मे आठवतोय ना, मान्सून मुंबईत ११ जूनऐवजी २६ मेलाच हजर, त्याआधी अवकाळी चालूच. गच्चीवर आईच्या कुरडयांना बुरशी आली आणि शेजारी माझे पॅनल ४-५ युनिटवर. त्यात वारं सुटलं की लाईट जाते आणि लाईट गेली की ऑनग्रिडही बंद, लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून, ते बरोबरच आहे, पण आधी सांगायला काय झालेलं? पाऊस उघडून लख्ख ऊन पडलेलं आणि घरात पंखा बंद, आई विचारतेय मग हे वर कशाला ठेवलंय.

अजून एक गोम. वापरून उरलेली वीज लाईनमध्ये जाते आणि ते युनिट आपल्या नावावर जमा राहून पुढच्या बिलात वळते होतात. पण फेब्रुवारी-मार्चचे शिल्लक युनिट ३१ मार्चला कमी दराने हिशोबात निघतात, पुढे येत नाहीत. म्हणजे मे असा ढगाळ गेला की हाताशी फक्त एप्रिलची बेगमी, ती आठ-दहा दिवसांत संपली.

तरी घ्या, मी परत घेईन. फक्त कोटेशनवरची वर्षाची सरासरी बघून हुरळू नका, जुलैत किती पडतील ते विचारा, पॅनलखाली वारं खेळेल एवढी जागा ठेवायला लावा. धुवायचं ते पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

सिस्टीमला ४ स्टार. बसवणाऱ्याला २, तेही त्याचा वायरमन पोरगा फोन उचलतो म्हणून.