ब्रुसेल्स स्प्राउट्सचं बियाणं चांगलं, पण पाकिटावरची माहिती खान्देशात चालत नाही

ऑनलाइन मागवलेल्या ब्रुसेल्स स्प्राउट्सच्या (म्हणजे कोबीच्या जातीतल्या छोट्या छोट्या गड्ड्यांच्या भाजीच्या) बियाण्याबद्दल लिहितोय, कारण आपल्या जळगावकडे हौसेने हे पाकीट घेणारे वाढलेत आणि त्यातले बरेच जण पहिल्याच वर्षी वैतागून नाद सोडतात. कंपनीचं नाव घेत नाही. बियाणं मात्र खरंच चांगलं आहे, ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत भरून टाकलं तर आठवड्याच्या आत जवळपास सगळं उगवलं, रोपं पण एकदम दणकट. पाकिटावर उगवणीचा टक्का, टेस्टची तारीख, कधीपर्यंत वापरायचं हे सगळं छापलेलं आहे. ते बघूनच घ्या, सुट्या पुडीतलं स्वस्त बियाणं नको.

राग येतो तो मागच्या बाजूला लिहिलेल्या ओळीचा, "वर्षभर केव्हाही लावा". काय भो, मे महिन्यात जिथे पारा ४५ वर जातो तिथे वर्षभर कसं लावणार? हे थंडीचं पीक आहे, साधारण १५ ते २० डिग्रीत खुश असतं. खोडाला प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक छोटी गड्डी धरते, खालून वर वर, आणि नेमकी ती भरायच्या वेळेला ऊन तापलं की गड्डी आवळतच नाही, पानं सुटी सुटी राहतात आणि चवीला कडवट होते. आमच्या शेजारच्या काकूंनी पाकिटावर भरवसा ठेवून जानेवारीत लावलं, झाड छान कमरेएवढं झालं पण एप्रिलपर्यंत एक धड गड्डी नाही मिळाली. इतकी मेहनत केलेल्या माणसाचं असं झालं की खूप वाईट वाटतं.

आपल्याकडे ऑगस्टच्या शेवटी सावलीत बी टाकायचं आणि ऑक्टोबर लागता लागता रोपं दीड-दोन फुटांवर जमिनीत लावायची, म्हणजे गड्ड्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भरतात. धुळ्याकडे रात्री जास्त गार पडतात, तिथल्या लोकांना अजून सोपं जाईल, आणि तोरणमाळला कोणी लावलं असेल तर जरूर सांगा. काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नका, गादीवाफा (जमिनीपेक्षा उंच वाफा) करा, बुडाशी केळीची वाळलेली पानं अंथरा.

सगळ्यात जास्त लक्ष माव्यावर, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीवर. तो गड्डीच्या पानांच्या घडीत जाऊन बसतो, वरून काहीच दिसत नाही आणि कापल्यावर आत राखाडी चिकट थर निघतो. म्हणून गड्डी वाटाण्याएवढी असतानाच पानं उलटी करून बघत जा, दिसला की पाण्याचा जोरात फवारा आणि संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क. खालच्या गड्ड्या भरायला लागल्या की झाडाचा शेंडा खुडा, मग वरच्या पण लवकर भरतात. काढणी खालून करायची, सुपारीपेक्षा थोडी मोठी आणि दाबून घट्ट लागली की काढा.

भाजी करताना जास्त शिजवू नका, उग्र वास सुटतो. अर्धे कापून लोखंडी कढईत लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट, सोबत कळण्याची भाकरी. घरात पोरं पण मागून खातात.

बियाण्याला ५ पैकी ४, माहितीला १. कंपनीने पाकिटावर निदान "फक्त हिवाळ्यासाठी" एवढं तरी छापावं.