पावसाळी फोटोंसाठी सीताखाई की केदारकुंड?

खान्देशाला समुद्र नाही. श्रावणात आपली सगळी ओढ धबधब्यांकडे. कॅमेरा घेऊन निघायचं तर तोरणमाळची सीताखाई की पाटणादेवीचं केदारकुंड?

सीताखाईचं सौंदर्य तिच्या खोलीत आहे. तोरणमाळ सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर. कड्यावरून दरी एका फ्रेममध्ये मावत नाही, वाइड लेन्स लागतेच. अडचण धुक्याची. बराच वेळ समोर नुसता पांढरा पडदा, मग दोन मिनिटं दरी उघडते. तेवढ्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर तयार हवा.

केदारकुंडाला चालत जावं लागतं, आणि मला तेच जास्त आवडतं. चाळीसगावहून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. पुढे गौताळा अभयारण्याची झाडी. ढगाळ दुपारी त्या सावलीत शटर अर्ध्या सेकंदापर्यंत मंद ठेवता येतं, पाणी रेशमासारखं उतरतं. लेन्सवर लावलेला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवला की ओल्या दगडांवरची चकाकी जाते आणि शेवाळाचा हिरवा रंग उठून दिसतो. तुषारांमुळे लेन्स सारखी भिजते, म्हणून कोरडी सुती फडकी दोन-तीन न्यावीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी केदारकुंडच सांगेन. फक्त वर डोंगरात काळं भरून आलं, की फोटो अर्धवट सोडून ओढ्याच्या पात्रातून लगेच बाहेर यायचं.