आई-बाबांसाठी अमेरिकेचा बी१/बी२ व्हिसा: सरकारी अर्जव्यवस्था कशी आहे आणि कुठे अडते

मुलं अमेरिकेत आणि आई-बाबा इथे असतील, तर पहिल्या भेटीची वाट बी१/बी२ व्हिसावरूनच, म्हणजे पाहुणा म्हणून थोड्या दिवसांसाठी जाण्याच्या व्हिसावरूनच जाते. या एका व्हिसासाठी तीन ठिकाणी काम पडतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर डीएस-१६० फॉर्म भरायचा, भारतासाठीच्या वेगळ्या वेबसाइटवर पैसे भरून तारखा घ्यायच्या, आणि मग प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे आणि मुलाखत द्यायची. फी माणशी १८५ डॉलर, म्हणजे दोघांची ३७०, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद आहे, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी अधिकृत साइटवरचा आकडा पाहूनच हिशोब करावा.

आमचं मत आधीच सांगतो: या कामाला एजंट लागत नाही. फॉर्म लांबलचक आहे, पण अवघड नाही. त्याची खरी अडचण वेगळी आहे. अर्जदार स्वतः फॉर्म भरतोय असं धरून तो बनवला आहे. आपल्याकडे तो रात्री जागून न्यू जर्सीतला मुलगा भरतो आणि मुलाखतीच्या खिडकीसमोर उभे राहतात साताऱ्याचे बाबा. मुलाने काय लिहिलं हे बाबांना माहीत नसतं, आणि बाबांचा खरा तपशील मुलाला माहीत नसतो. बहुतेक गोंधळ इथेच होतात.

फॉर्मपासून सुरुवात करू. साधारण २० मिनिटं काही केलं नाही की सेशन बंद होतं आणि सेव्ह न केलेलं पान जातं. म्हणून प्रत्येक पानावर सेव्ह करायचं. सुरुवातीला ‘एए००’ने सुरू होणारा अर्ज क्रमांक मिळतो. फॉर्म पुन्हा उघडायला हा क्रमांक, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर लागतं. यादीतला पहिलाच सुरक्षा प्रश्न ‘तुमच्या आईच्या आईचं नाव काय’ असा आहे. मुलगा भरत असेल तर तो स्वतःच्या आजीचं नाव लिहितो, आणि आठवड्याने बाबा आपल्या आजीचं नाव टाकून बघतात. उत्तर आणि क्रमांक दोन्ही घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच मिनिटाला टाकून ठेवा. अर्धवट अर्ज साइटवर ३० दिवस राहतो. काम त्याहून लांबणार असेल तर तो फाइल म्हणून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

नावाच्या रकान्यात मराठी घरांना विशेष सांभाळावं लागतं. पासपोर्टवर आईच्या ‘गिव्हन नेम’मध्ये तिचं नाव आणि पुढे बाबांचं नाव असतं, आडनाव वेगळ्या ओळीत असतं. फॉर्ममध्ये अगदी तसंच उतरवायचं, बाबांचं नाव गाळायचं नाही. पुढे ‘दुसरं कोणतं नाव वापरलं आहे का’ असा प्रश्न येतो. त्याला आईचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं: माहेरचं नाव आणि आडनाव, आणि लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर तेही. पासपोर्टवर आडनावाची ओळच कोरी असेल, तर पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि गिव्हन नेममध्ये ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) लिहायचं असतं. टेलिकोड म्हणजे काही लिप्यांमधल्या नावांसाठीचे आकडी संकेत, त्या प्रश्नाला ‘नाही’. कुळ किंवा जमात विचारतात तिथे जात लिहायला जाऊ नका.

जन्मतारीख पासपोर्टवरची. हे सांगायचं कारण असं, की त्या पिढीत शाळेत नाव घालताना १ जून लावलेले पुष्कळ जण आहेत. घरात वाढदिवस श्रावणात होतो आणि कागदावर जून असतो. फॉर्ममध्ये जून, आणि खिडकीवर विचारलं तरी जूनच.

नोकरीच्या पानावर निवृत्त असाल तर ‘रिटायर्ड’, घर सांभाळत असाल तर ‘होममेकर’, शेती करत असाल तर ‘अ‍ॅग्रिकल्चर’. मुलं अनेकदा सगळ्यांनाच ‘रिटायर्ड’ करून मोकळी होतात. पण ज्यांची शेती चालू आहे, दुकान चालू आहे, त्यांनी ते लिहायलाच हवं, कारण परत येण्याचं सर्वांत सबळ कारण तेच असतं. परदेश प्रवास आणि आधीची नोकरी गेल्या पाच वर्षांची विचारतात. समाजमाध्यमांवरची खातीही पाच वर्षांचीच. त्यांच्या यादीत व्हॉट्सअ‍ॅप नाही, पण फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब आहेत. आईचं फेसबुक खातं आहे की नाही हे तिला विचारल्याशिवाय ‘नाही’ लिहू नका.

सर्वांत जपून द्यायचं उत्तर एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचं आहे: तुमच्यासाठी कुणी कधी इमिग्रेशनचा, म्हणजे तिकडे कायमचं राहण्यासाठीचा, अर्ज केला आहे का? अमेरिकेचा नागरिक झालेला मामा वीस वर्षांपूर्वी बहिणीसाठी अर्ज टाकून बसलेला असतो. भावंडांच्या त्या रांगेत दशकाहून जास्त काळ जातो, त्यामुळे घरातले विसरून जातात. सरकारी नोंदी विसरत नाहीत. असा अर्ज असेल तर ‘हो’ लिहून स्पष्टीकरणाच्या रकान्यात दोन ओळी द्या. असा अर्ज असला म्हणून व्हिसा आपोआप नाकारला जात नाही, पण जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. आधी कधी व्हिसा नाकारला गेला असेल तर त्या प्रश्नालाही हाच नियम.

शेवटच्या पानावर ‘अर्ज भरायला कुणी मदत केली का’ असं विचारतात. मुलं घाईत ‘नाही’ दाबतात. मदत केली आहे, तेव्हा ‘हो’ लिहून आपलं नाव, पत्ता, नातं द्या. यात काही वावगं नाही. मात्र सहीचं बटण अर्जदाराने स्वतः दाबायचं असा नियम आहे. तेव्हा शेवटचं पान व्हिडिओ कॉलवर, आई-बाबांच्या समोरच्या कॉम्प्युटरवर पूर्ण करा. खरं तर पूर्ण फॉर्मच तसा भरावा. एका अर्जाला दीड-दोन तास धरून बसा, पासपोर्ट समोर ठेवा आणि प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून त्यांच्या तोंडून उत्तर घ्या. पहिला अर्ज सबमिट झाल्यावर येणाऱ्या पानावरून कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाचा अर्ज सुरू करता येतो. पत्ता, प्रवासाचा तपशील आपोआप उतरतो. ही सोय उत्तम आहे, फक्त उतरलेलं प्रत्येक पान वाचून घ्या.

फोटोवर वेळ घालवावा लागतो. चौरस, पांढरी पार्श्वभूमी, ६०० ते १२०० पिक्सेल, जेपेग, २४० केबीच्या आत, सहा महिन्यांच्या आतला. चष्मा नको, हा नियम नोव्हेंबर २०१६ पासूनचा आहे. मोबाइलमधला चेहरा उजळवणारा फिल्टर बंद करा, फोटोत फेरफार चालत नाही. फोटो अपलोड झाला नाही तर पोचपावतीवर फोटोच्या जागी फुली दिसते. तशी पावती असेल तर दोन बाय दोन इंचाचा छापील फोटो सोबत न्यायचा.

अपॉइंटमेंटची वेबसाइट हा या सेवेतला सर्वांत कच्चा दुवा आहे. मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता यांपैकी कुठेही तारीख घेता येते, पण ती मिळणं कठीण असतं. दोघांना एकाच प्रोफाइलमध्ये गट म्हणून जोडा, म्हणजे एकाच दिवशी बोलावणं येतं. दोन तारखा घ्यायच्या: आधी ठशांची, नंतर मुलाखतीची. पैसे भरल्यापासून ३६५ दिवसांत मुलाखतीची तारीख नोंदवावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची असेल किंवा गैरहजर राहिलात तर फी पुन्हा. म्हणून आधी मिळेल ती तारीख धरून मग सारखी पुढेमागे करत राहण्याचा जुना मार्ग आता महाग पडतो. तारीख शोधायला दर पाच मिनिटांनी लॉगिन करू नका, खातं काही काळ बंद होतं.

आणखी एक गफलत इथे होते. फॉर्ममध्ये चूक सापडली म्हणून नवा डीएस-१६० भरतात आणि प्रोफाइलमध्ये जुनाच क्रमांक राहतो. दोन्ही जुळले नाहीत तर दारातून परत पाठवू शकतात. नवा फॉर्म भरला की त्याच दिवशी प्रोफाइलमधला क्रमांक बदला.

स्लॉट काढून देतो म्हणणाऱ्यांना पासवर्ड देऊ नका. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) वापरून घेतलेल्या सुमारे २००० अपॉइंटमेंट रद्द केल्याचं जाहीर केलं होतं.

तातडीची तारीख मागता येते, पण आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी. लग्न, पदवीदान आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं या कारणांसाठी ती मिळत नाही, असं परराष्ट्र खात्याने स्पष्ट लिहिलं आहे. बाळंतपणासाठी आईला बोलवायचं असेल तर पाचव्या महिन्यात जागं होऊन भागत नाही, ठरल्याबरोबर अर्ज करा. २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांनाही साधारणपणे मुलाखतीला जावं लागतं, आणि विनामुलाखत नूतनीकरण जुना व्हिसा संपून १२ महिन्यांच्या आत असेल तरच. तिसऱ्या देशात जाऊन लवकर तारीख घेण्याची वाटही त्याच महिन्यात अरुंद झाली. आता नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच अर्ज करायचा आहे.

ठशांच्या केंद्रात फोटो आणि दहाही बोटांचे ठसे घेतात, काम लवकर होतं. शेतकाम किंवा भांडीधुणी केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, दोन-तीनदा घ्यावे लागतात. घाबरून जाऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवा.

मुलाखतीची व्यवस्था मात्र चांगली आहे, आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये मराठीतून मुलाखत देता येते, याचं मोल फार मोठं आहे. तरीही मुलं आई-बाबांना इंग्रजी वाक्यं पाठ करायला लावतात. ते करू नका. पाठ केलेलं वाक्य दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं, आणि मातृभाषेत माणूस सरळ बोलतो. मोबाइल आत नेता येत नाही आणि ठेवायला तिथे जागाही नसते, तेव्हा तो सोबतच्या माणसाकडे द्या. जवळ पासपोर्ट, जुने पासपोर्ट, डीएस-१६० ची पावती आणि अपॉइंटमेंटचं पत्र हवं.

खिडकीवरचं बोलणं काही मिनिटांचंच असतं. मुलगा कुठल्या शहरात, काय काम करतो, कुठल्या व्हिसावर आहे, खर्च कोण करणार, किती दिवस राहणार, इथे मागे कोण आहे. कायद्याच्या कलम २१४(बी) प्रमाणे प्रत्येक अर्जदार तिकडेच राहायला चाललाय असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं असतं, आणि तसं नाही हे आई-बाबांनी पटवायचं असतं. मुलाचा पगार कितीही असला तरी तो हा मुद्दा सोडवत नाही. इथली शेती, पेन्शन, घर, दुसरं मूल, म्हातारी आजी या गोष्टी सोडवतात. निमंत्रणपत्र आणि आर्थिक हमीचं प्रतिज्ञापत्र व्हिजिटर व्हिसासाठी लागत नाही, असं परराष्ट्र खातंच सांगतं. त्यांची जाडजूड फाइल करून पैसे घेणाऱ्यांकडे जाऊ नका.

किती दिवस, या प्रश्नाला सवयीने ‘सहा महिने’ म्हणू नये. बेत दहा आठवड्यांचा असेल तर दहा आठवडे, आणि फॉर्ममध्येही तेच. ‘नातवंड सांभाळायला’ हे शब्द घरात मायेचे आहेत, पण खिडकीवर ते पाळणाघराच्या कामासारखे ऐकू येऊ शकतात. लेकीला भेटायला, बाळंतपणात तिच्याजवळ राहायला जात असाल तर तसं सांगा. पण मुळात बेतच आळीपाळीने सहा-सहा महिने मूल सांभाळण्याचा असेल, तर शब्द बदलून उपयोग नाही, त्या कामासाठी हा व्हिसा नाही.

पासपोर्ट ठेवून घेतला तर बहुधा काम झालं. २१४(बी) चा कागद हातात दिला तर तो नकार असतो आणि त्यावर अपील नसतं. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण नवा फॉर्म आणि नवी फी. परिस्थितीत काही बदल झाला नसेल तर लगेच पुन्हा जाण्यात अर्थ नाही. २२१(जी) म्हणजे कागद अपुरे किंवा तपासणी बाकी. त्या काळात साइटवर ‘रिफ्यूज्ड’ असं दिसतं आणि घरोघरी रडारड होते. तपासणी चालू असतानाही तोच शब्द दाखवला जातो, तेव्हा हातातला कागद वाचा आणि मागितलेली कागदपत्रं पाठवा. तिकीट मात्र शिक्का पाहिल्यावरच काढा.

भारतीयांना हा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा मिळतो. पण एका भेटीत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची, नोंद ऑनलाइन उघडून कधीपर्यंत राहता येईल ती तारीख पाहा, नाव आणि पासपोर्ट क्रमांकही तपासा. मधल्या काळात पासपोर्ट संपला तरी चालू व्हिसा जुन्या पासपोर्टवर वैध राहतो, तेव्हा प्रवासात जुना आणि नवा दोन्ही हातातल्या पर्समध्ये ठेवायचे, चेक-इन बॅगेत नाही.