‘सहकारी’ या शब्दाला भुलले आणि २०,६७५ रुपये घालवले

आधीच सांगते, मी दामदुप्पट मागायला गेले नव्हते. महिन्याला दहा टक्के, परदेशाची सहल, सोन्याचं वळं, असलं कुणी मला काही दाखवलं नव्हतं. मला ताजं माळवं, म्हणजे भाजीपाला, पाहिजे होतं, एवढंच. शेतकऱ्याचा माल दर आठवड्याला घरपोच देतो म्हणणाऱ्या एका ‘सहकारी’ संस्थेच्या माणसाकडे त्यासाठी २४,८०० रुपये भरले, त्यातलं ४,१२५ रुपयांचं माळवं पदरात पडलं आणि २०,६७५ रुपये गेले. माझ्या शब्दावर धाकट्या जावेने २०,५०० भरले, तिचे १८,६२५ गेले. माझे गेले त्याचा राग येतो. तिचे गेले त्याने झोप लागत नाही.

मी २६ वर्षं शाळेत गणित शिकवलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लाजेने गप्प बसलेली आम्ही माणसं एकमेकांना सापडली नाहीत म्हणूनच तो माणूस अजून मोकळा फिरतोय.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला सहकार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. १९६३ पासूनचा गोकुळ दूध संघ, वारणेचा कारखाना, गावोगावच्या विकास सोसायट्या. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, नदीकाठचं. दोन म्हशी होत्या, दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल यायचं आणि त्या बिलावर माझं डी.एड. झालं. त्यामुळे पावतीवर ‘सहकारी’ लिहिलेलं दिसलं की आमच्यासारख्यांचा हात आपसूक पाकिटाकडे जातो. त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

२०२४ च्या गणपतीआधी तो आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आला. नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात हिरवं पावतीपुस्तक, बरोबर दोन बायका, आम्ही बचत गटाच्या म्हणून सांगणाऱ्या. “बाई, दलालाला कशाला पोसायचं? वडणगे, निगवे, चिखलीचा शेतकरी पहाटे तोडणार आणि सातला माल तुमच्या दारात. त्याला दोन पैसे जास्त, तुम्हाला दोन पैसे कमी.” २०१९ च्या पुराची आठवणही त्यानेच काढली. शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला, शहरात दूध नाही, भाजी नाही, मिळेल त्या भावाने घ्यायची. “तसं झालं तरी आपल्या सभासदाला पिशवी पोचणार.” बायकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्या पुरात चिखली अख्खी पाण्यात होती, तिथून माळवं येणार कुठून, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही.

घरात सासऱ्यांची बायपास झालेली. पालेभाजी रोज पाहिजे, आणि फवारणीचं ऐकून ऐकून बाजारातली मेथी हातात घ्यायची भीती बसलेली. माझी गरज खोटी नव्हती.

प्रवेश फी ५००. शेअरचे २,०००. आठवड्याला ३७५ ची पिशवी, ४८ आठवडे, म्हणजे १८,००० आगाऊ. बियाणं-खताला शेतकऱ्याच्या हातात आधी पैसा पाहिजे, हे त्याचं म्हणणं मला पटलं, कारण ते खरंच आहे. प्रामाणिक गटही आगाऊ घेतात, पण महिन्याचं घेतात, वर्षाचं नाही. कुणी वर्षाचं मागितलं तर तिथून उठा.

पैसे भरताना क्यूआर स्कॅन केला तर पडद्यावर संस्थेचं नाव नाही, कुठल्याशा बाईचं नाव आलं. मी विचारलं. “नोंदणी प्रक्रियेत आहे बाई, तोवर खजिनदार मॅडमचं खातं.” आता कळलं की संस्था नियोजित असली तरी निबंधकांकडून नाव राखून घेऊन परवानगीने बँकेत खातं काढतात आणि शेअरचे पैसे त्या खात्यात जातात. खजिनदाराच्या घरखात्यात शेअरचे पैसे घेणारी सहकारी संस्था नसते. पडद्यावर येणारं नाव वाचा आणि ते नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका.

पहिल्या चार-पाच पिशव्या चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोक म्हणतात तुम्हाला दिसलं कसं नाही. पोकळा असा कोवळा की देठासकट चिरला. तांदळी, घेवडा, काकडी. पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव. दसऱ्याला त्याने नवीन यादी काढली. आजरा घनसाळ २५ किलो, १२० ने ३,०००. गुळाचे दहा-दहा किलोचे दोन रवे, म्हणजे ढेपा, ६५ ने १,३००. दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे हे त्याने पाठ करून सांगितलं, आणि ते खरं आहे. खरं सांगूनच त्याने गुंडाळलं. नवा तांदूळ आणि हंगामातला गूळ मिळायला वेळ लागतो हे कुणाही कोल्हापूरकराला माहीत, म्हणजे जानेवारीपर्यंत विचारायला कोण जातंय? तेही भरले.

आता तो रविवार. २० ऑक्टोबर. पिशवीत रताळी होती, किलोभर. चिठ्ठीवर ‘वडणगे’. सिंकमध्ये टाकून नळ सोडला आणि पाणी विटकरी झालं. तांबडं. मी नळ बंद केला, एक रताळं घेतलं, माती अंगठ्याने चोळून बघितली. नदीकाठची माती काळी असते. ती चिकटते, नखात बसते, धुताना पाणी करडं होतं. त्या मातीत मी वाढलेय, आईच्या टाचेच्या भेगांत मी ती बघितलीय. ही माती चंदगड-बेळगावकडची होती. म्हणजे माल मार्केट यार्डातून उचललेला होता आणि चिठ्ठी घरात बसून लिहिलेली होती. मला त्या क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणणार नाही, कळलं होतं.

मी फोन लावला. “बाई, चंदगडचा आपला एक सभासद शेतकरी आहे, त्याची रताळी.” मग चिठ्ठीवर वडणगे कसं, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. १८,००० आधीच दिलेले होते ना! दिलेले पैसे खरे ठरावेत म्हणून माणूस स्वतःची समजूत घालतो. नोंदणीचं विचारलं तर म्हणाला, आचारसंहिता लागलीय, विधानसभेचा निकाल लागला की नंबर येतो. तेही गिळलं. आणि २४ तारखेला, चारच दिवसांनी, जाऊ म्हणाली, “अक्का, तू म्हणतेस तर भरते.” मी भर म्हणाले.

१ डिसेंबरला शेवटची पिशवी आली. माझी अकरावी, तिची पाचवी. मधला भाऊबिजेचा रविवार सुट्टी म्हणून गेला होता. ८ तारखेला गाडी बिघडली. १५ ला शेतकऱ्याच्या घरी मयत झालं. २२ ला फोन बंद. पावतीवरच्या पत्त्यावर गेले तर तिथे झेरॉक्सचं दुकान, आणि दुकानदार म्हणाला, “तुम्ही आज तिसऱ्या.”

पोलिसांचं ऐका. आमच्या भागातल्या ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेलेले. दुसऱ्या दिवशी दीड तास बाकड्यावर बसवलं आणि मग विचारलं, “तुम्हाला भाजी मिळाली का नाही?” मिळाली, अकरा आठवडे. “मग फसवणूक कसली? व्यवहार अर्धवट राहिला. दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” मी म्हटलं, शेतकऱ्याचा माल म्हणून बाजारातला दिला, नसलेल्या संस्थेचे शेअर विकले, ही फसवणूक नाही? पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. ते हसले. “बाई, कायदा आम्हाला शिकवता का?” तक्रार अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ केली. पोच घेतल्याशिवाय मी हलले नाही. तुम्हीही हलू नका. तारीख, शिक्का, सही, तिन्ही.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. ते म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले असले तरी माणूस ओळखीचा, स्वखुशीने दिलेत, स्थानिक ठाण्यात जा. स्थानिक ठाणं म्हणतं सायबरला जा.

सगळ्यात संताप आला तो सहकाराचा कारभार बघणाऱ्या एका कार्यालयात. तिथल्या माणसाने संगणकात नाव शोधलं आणि म्हणाला, “अशी संस्थाच नोंद नाही. म्हणजे ती सहकारी संस्था नाही. म्हणजे आमचा संबंध नाही.” मी दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले. अहो, नोंद नाही हीच तर तक्रार आहे! १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम १४५ आहे, नोंदणी नसताना ‘सहकारी’ शब्द वापरायला मनाई करणारं. हे मला वकिलांनी एका बैठकीत सांगितलं. तिथे बसलेल्या माणसाला ते माहीत नसावं? म्हणाला, लेखी द्या, बघतो. लेखी दिलं. तीन वेळा गेले, पहिल्यांदा साहेब मीटिंगला, नंतर रजेवर, मग टेबल बदललं. रिक्षाचेच ५४० रुपये गेले, तेही वहीत लिहून ठेवलेत. ज्या जिल्ह्यात सहकाराच्या नावाने भाषणं होतात, तिथे सहकाराच्या नावाने लुबाडलेल्या बाईला कुणी खुर्ची देत नाही.

वकील म्हणतात, पैसे घेऊन ठरल्या मुदतीत वस्तूच्या रूपात परत करायचं कबूल केलं असेल तर ती ठेव ठरू शकते आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा लागू होऊ शकतो. तेही बघतोय. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते, एवढं लक्षात ठेवा. माझी रजिस्टर्ड नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ शेरा मारून परत आली. तो लिफाफा फोडलेला नाही, तुम्हीही तसला लिफाफा फोडू नका, पुरावा असतो.

शेअरची पावती कुणी दिली तर नोंदणी क्रमांक तिथल्या तिथे मागा. ‘प्रक्रियेत आहे’ हे उत्तर म्हणजे नाही. पॅकबंद माल असेल तर अन्नसुरक्षेचा १४ अंकी नंबर बघा. सेंद्रिय म्हणत असेल तर प्रमाणपत्र कुणाच्या नावाने आहे ते वाचा. आणि गाव अर्ध्या तासावर आहे, एकदा रान बघायला जा. वडणग्याला मी माहेरच्या वाटेने शंभरदा गेले असेन, त्या पावतीवरच्या शेतकऱ्याचं घर विचारायला एकदा गेले नाही. आता मी कपिलतीर्थ मंडईत एका मावशीकडून घेते. ती माल कुठून आणते विचारलं तर सरळ सांगते, हे यार्डातलं, हे माझ्या भावाच्या रानातलं.

आजपर्यंत आम्ही १४ जण एकमेकांना सापडलोय. बेरीज २,६३,४५० रुपये. येत्या सोमवारी अकरा वाजता एकत्र अर्ज घेऊन पोलीस अधीक्षकांना भेटणार आहोत. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर त्यांच्याकडे लेखी जाता येतं. हिरवी पावती, वर बैलजोडीचं चित्र, खाली शिक्क्यात ‘सहकारी’ आणि क्रमांकाची जागा कोरी, अशी तुमच्याकडे असेल तर फाडू नका. पैसे पाठवल्याच्या नोंदी फोनमधून पुसू नका, त्यांची छापील प्रत काढा. आणि घरी कळेल म्हणून घाबरून गप्प राहू नका. माझ्या घरी कळलं, दोन दिवस कुणी बोललं नाही, तिसऱ्या दिवशी हे स्वतः माझ्याबरोबर ठाण्यात आले.

जावेचे पैसे मी पेन्शनमधून महिन्याला २,००० असे फेडतेय. ती हातात घेत नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली ठेवून येते.