नात्यातले पहिले लग्न आणि निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ लेन्स

घरात कोणाकडे बरा कॅमेरा आहे हे नातेवाइकांना एकदा कळले, की पुढच्या लग्नसराईत ‘फोटो तूच काढ’ असे फर्मान सुटणार हे ठरलेलेच असते. माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स होती. मावसबहिणीचे लग्न ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये ठरले, तेव्हा बाहेरून लावायचा फ्लॅश घ्यावा, लांब पल्ल्याची झूम भाड्याने आणावी, की मोठ्या ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे असलेली, एखादी लेन्स विकत घ्यावी, असे तीन पर्याय समोर होते. मी तिसरा निवडला आणि ‘एएफ-एस डीएक्स निक्कॉर ३५ एमएम एफ/१.८जी’ घेतली. पहिलेच लग्न टिपायला निघालेल्या माणसाने पहिला खर्च अशाच लेन्सवर करावा, असे माझे मत आहे. मात्र अख्खे लग्न या एका लेन्सवर निभावेल असे कोणी समजू नये.

लग्नाच्या हॉलमध्ये खरी अडचण असते ती उजेडाची. डोळ्यांना लखलखीत वाटणारा हॉल कॅमेऱ्याच्या दृष्टीने अंधाराच असतो. पडदे ओढलेले, छताला सजावटीचे मंद दिवे, स्टेजच्या मागे गुलाबी-जांभळी रोषणाई आणि वधूवरांच्या चेहऱ्यावर मात्र व्हिडिओवाल्याचा दिवा ज्या बाजूला वळेल तेवढाच प्रकाश. ‘एफ’पुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. किट लेन्स ३५ एमएमच्या आसपास एफ/४.५पेक्षा फारशी उघडत नाही, आणि एफ/१.८ची ही लेन्स तिच्या सहापट प्रकाश आत घेते. ज्या प्रसंगी किट लेन्सला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४००पर्यंत चढावे लागते, तिथे शटर न बदलता हिचे एफ/१.८वर साधारण १०००मध्ये आणि एफ/२.८वर २५००मध्ये भागते. शालूच्या जरीचे काम आणि हातावरची मेंदी स्वच्छ उतरते की दाणेदार होऊन विरघळते, हे या फरकावर ठरते. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश उघडला, तर मुंडावळ्यांची काळी सावली थेट गालावर पडते. ती पाहिल्यावर तो फ्लॅश परत उघडण्याची इच्छा होत नाही.

शटरबद्दल एक गोष्ट नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/२५० किंवा १/५०० सेकंदावर नेला, तर काही फोटोंत आडवे काळपट पट्टे उमटतात आणि काही फोटो विनाकारण अंधारे येतात. १/१०० हा वेग या दिव्यांशी जुळतो. या लेन्समध्ये कंपन रोखणारी व्हीआर यंत्रणा नाही, हे खरे. परंतु ३५ एमएमवर १/१००ला हाताची थरथर फारशी जाणवत नाही, आणि माणसे हलत असतील तर व्हीआर तरी काय करणार?

डी५६००सारख्या लहान सेन्सरच्या ‘डीएक्स’ कॅमेऱ्यावर ही लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या साधारण ५२ एमएम लेन्सइतके दृश्य टिपते, म्हणजे पूर्ण उंचीचा माणूस उभ्या चौकटीत घ्यायला तीन मीटर अंतर पुरते. ठेक्याचा फोटोग्राफर, त्याचा सहकारी, व्हिडिओवाला आणि मोबाइल उंचावलेले पाहुणे यांतून आपल्या वाट्याला जेवढी जागा उरते, ती साधारण एवढीच असते. याच कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स घेतली, तर त्याच फोटोसाठी चार मीटरहून अधिक मागे सरकावे लागते आणि तेवढ्यात मध्ये कोणीतरी काका येऊन उभे राहतात.

अंतरपाटाच्या वेळी या लेन्सचा खरा कस लागतो. समोरून फोटो काढायला सगळेच धावतात, पण समोरून अंतरपाटाची कडा आणि गुरुजींचा खांदाच अधिक दिसतो. मी स्टेजच्या पायरीवर बसून, अंतरपाटाच्या रेषेत कॅमेरा धरला, म्हणजे डावीकडे वधू, उजवीकडे वर, दोघांच्या मागे त्यांचे मामा आणि मधोमध उभ्या रेघेसारखे कापड. या कोनाचा मोठा फायदा असा, की दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात. दोन मीटरवर एफ/१.८ला जेमतेम वीतभर खोलीच स्पष्ट उमटते. समोरच्या तिरक्या कोनातून एक चेहरा धूसर होतो, पण बाजूने पाहिल्यास दोन्ही त्या वीतभर खोलीत बसतात. तरीही मी एफ/२.८ ठेवला, कारण हार घालताना नवरी पुढे झुकते आणि मित्रमंडळी नवऱ्याला वर उचलतात. मंगलाष्टके किती होतील याचा भरवसा नसतो, कारण स्वरचित अष्टक घेऊन आलेली आत्या प्रत्येक लग्नात असतेच. प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता उडतात, त्यामुळे सराव करायला भरपूर संधी मिळते. शेवटच्या वेळी मात्र कापड क्षणात बाजूला होते, म्हणून फोकस आधीच चेहऱ्यावर साधून ठेवावा. या लेन्सची फोकस मोटर चपळ म्हणता येणार नाही, पण खात्रीची आहे. कमी उजेडात डी५६००चे कडेचे फोकस बिंदू चाचपडतात; मधले नऊ क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे) बिंदू वापरावेत आणि फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा दिवा मेनूतून बंद करावा, नाहीतर कन्यादानाच्या वेळी तो थेट वधूपित्याच्या डोळ्यांत चमकतो.

लेन्सचे ऑप्टिकल दोष माहीत असलेले बरे. पूर्ण उघडल्यावर फोकसच्या पुढच्या भागातील चकचकीत कडांना जांभळी आणि मागच्या कडांना हिरवी झाक येते. मुंडावळ्यांचे मोती, नथ आणि कलशाचा काठ या तिन्ही ठिकाणी ती झाक लगेच डोळ्यांत भरते. एफ/२.८ला ती बरीच ओसरते. सरळ रेषा किंचित फुगीर होतात, त्यामुळे मंडपाचे खांब कडेला ठेवू नयेत. संगणकावर हा दोष एका खुणेसरशी दुरुस्त होतो.

दोन्ही घरांच्या समूहफोटोला ही लेन्स कामाची नाही. पाच मीटर रुंदीची रांग चौकटीत बसवायला जवळजवळ साडेसात मीटर मागे जावे लागते आणि तिथे खुर्च्यांची पहिली ओळ भरलेली असते. यासाठी किट लेन्स १८ एमएमवर एफ/५.६ला लावावी आणि आयएसओ वाढला तरी चालवून घ्यावे. रुखवत, विहिणींची पंगत आणि नवऱ्याचा कान पिळणारा मेहुणा यांना मात्र पस्तीसच बरी. रुखवतातली साखरेची फुले तर ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन टिपता येतात.

हळदीच्या दिवशी लेन्सवर ५२ एमएमचा साधा फिल्टर आणि सोबत मिळणारा हूड (लेन्सपुढे बसणारे संरक्षक कडे) हवाच, कारण ओल्या हळदीचे हात कुठून येतील याचा नेम नसतो. लाजाहोमाच्या वेळी तोच फिल्टर काढून ठेवावा, कारण ज्वाळांचे उलटे प्रतिबिंब त्यात पडते. लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते त्या माउंटभोवती रबरी कडे आहे, परंतु डी५६००ला पावसापासून संरक्षण नाही. ठाण्यात जूनमधले लग्न असेल, तर वातानुकूलित हॉलमधून वरातीसाठी बाहेर पडताच काचेवर बाष्प धरते. कॅमेरा पिशवीतच ठेवून थोडा वेळ आधी बाहेर न्यावा.

घेताना एक काळजी आवश्यक आहे. जुनी ‘५० एमएम एफ/१.८डी’ स्वस्त मिळते म्हणून अनेक जण ती घेतात, पण डी३५०० किंवा डी५६००मध्ये फोकस मोटर नसल्याने त्यांच्यावर तिचा ऑटोफोकस चालत नाही. ३५ची मोटर लेन्समध्येच आहे, त्यामुळे पुढे निकॉनचा मिररलेस झेड कॅमेरा घेतला तरी जुन्या लेन्स त्यावर बसवणाऱ्या एफटीझेड जोडणीवर तिचा ऑटोफोकस चालू राहतो. २००९पासून विकली गेलेली असल्याने वापरलेल्या लेन्सही सहज मिळतात. फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा ठाण्यातल्या एखाद्या दुकानात पाहायला जाल, तेव्हा दोन्ही झाकणे काढून मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च लावावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढुरक्या नक्षीचा एक तंतू जरी दिसला, तरी ती बुरशी समजावी आणि किंमत कितीही उतरली तरी लेन्स परत करावी. चांगली मिळाली, तर पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि जेलचे दाणे रंग बदलतील तेव्हा ते सुकवून पुन्हा वापरावेत.